जाहिरात साबणाची आणि पुस्तकांची

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न. साबणाची जाहिरात तुम्ही पाहिलीच आहे. बिस्किटांची, बुटांची, शिकवणीच्या वर्गांची तर जिकडेतिकडे दिसते. पण ग्रंथालयाची जाहिरात कधी पाहिलीत का? आठवा बरं! नाही ना आठवत?

“ग्रंथालयाला कशाला हवी जाहिरात? ज्याला वाचायचंय तो येईलच की!” असं तुमच्यापैकी कुणीतरी नक्की म्हणेल. पण आपल्या देशातल्या एका थोर ग्रंथपालाला हे मुळीच पटलं नसतं. त्यांचं नाव शियाळी रामामृत रंगनाथन. मूळचे गणिताचे प्राध्यापक, पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयासाठी पाच सूत्रं मांडली. त्यातलं एक सूत्र चक्क पुस्तकाच्या बाजूचं आहे. कपाटात धूळ खात पडलेल्या पुस्तकालाही त्याचा वाचक भेटायला हवा, असं ते सांगतं. आता पुस्तक काही स्वतः चालत तुमच्या घरी येणार नाही! म्हणजे ही गाठ घालून द्यायची कुणी? ग्रंथपालानं. त्यासाठी पुस्तकं उघड्यावर मांडा, फलक लावा, लोकांना सांगा, हे सगळं त्यात आलं. रंगनाथन यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

आता एक गंमत ऐका. २०१० साली अमेरिकेत एका अंगाच्या साबणाची जाहिरात फार गाजली होती. एक रुबाबदार माणूस थेट कॅमेऱ्यात बघून न थांबता बोलत राहतो आणि त्याच्या मागचं दृश्य बदलत जातं, अशी ती होती. युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या ग्रंथालयानं काय केलं? त्याच जाहिरातीची नक्कल करून छोटी फिल्म काढली! तसाच रुबाब, तसंच फाडफाड बोलणं. फक्त साबणाच्या जागी ग्रंथालय. यूट्यूबवर ती लाखो लोकांनी पाहिली. ग्रंथालय म्हणजे ‘शांतता राखा’ अशी पाटी लावलेली गंभीर जागा, असं मानणाऱ्यांनाही हसू आलं.

पण प्रत्येक जाहिरात हसण्यावारी नेण्यासारखी नसते. एका गावाची गोष्ट सांगतो म्हणजे पटेल. मिशिगन राज्यात डेट्रॉइट शहराजवळ ट्रॉय नावाचं गाव आहे. १९७१ साली तिथे नवं ग्रंथालय उभं राहिलं. मुलांच्या विभागाच्या ग्रंथपाल होत्या मार्गरिट हार्ट. मुलांना इथे कसं ओढून आणायचं, हा त्यांच्यापुढे प्रश्न. त्यांच्याकडे ना व्हिडिओ होता ना संगणक. त्यांनी काय करावं? लेखक, कलावंत, पुढारी, शास्त्रज्ञ अशा नामवंतांना त्यांनी पत्रं पाठवली आणि विनंती केली, की आमच्या गावातल्या मुलांना ग्रंथालयाबद्दल चार शब्द लिहा.

आणि काय सांगू, तब्बल ९७ पत्रं आली! दोनच वर्षांपूर्वी चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँग यांनी लिहिलं. विज्ञानकथा लिहिणारे आयझॅक असिमोव्ह यांनी मुलांना कळवलं, की हे नुसतं ग्रंथालय नाही, हे तर दूरच्या ताऱ्यांपर्यंत नेणारं अंतराळयान आहे. ज्या ग्रंथालयाला चंद्रवीराचं पत्र येतं, ते बघायला कुणाला आवडणार नाही? टपालाच्या तिकिटांचा खर्च, बाकी सगळी कल्पकता!

आता चाळीस वर्षं पुढे या. २००८ च्या मंदीनंतर घरांच्या किमती घसरल्या आणि ट्रॉय नगरपालिकेचं उत्पन्न आटलं. ग्रंथालय बंद करायची वेळ आली. ते वाचवायचं तर थोडा जादा कर हवा होता. घराच्या करपात्र किमतीच्या दर हजार डॉलरमागे फक्त ७० सेंट! तिकडे असा कर लावायचा तर गावकऱ्यांचं मत घेतात. आधीचे प्रयत्न फसले होते. २ ऑगस्ट २०११ ला पुन्हा मतदान ठरलं. कराच्या विरोधकांचा आवाज मोठा होता आणि जो तो फक्त कराबद्दल बोलत होता. पुस्तकांबद्दल कुणीच बोलेना.

तेव्हा एका जाहिरात कंपनीनं भलतीच युक्ती काढली. गावात रस्तोरस्ती पाट्या लागल्या: ग्रंथालय बंद करण्यासाठी मत द्या, आणि ५ ऑगस्टला पुस्तकांची होळी करायला या! गाव पेटून उठलं. “पुस्तकं जाळता? लाज नाही वाटत?” लोकांनी पाट्या उपटल्या, इंटरनेटवर संताप व्यक्त केला, बातम्या झाल्या. शेवटी खुलासा झाला, की होळी वगैरे काही नाही. ग्रंथालय बंद करणं म्हणजे पुस्तकं जाळण्यासारखंच आहे, एवढंच आम्हाला सांगायचं होतं! एव्हाना सगळे कराऐवजी ग्रंथालयाबद्दल बोलू लागले होते. मतदान झालं, कर मंजूर झाला आणि ग्रंथालय वाचलं.

आता खरा प्रश्न. ही जाहिरात योग्य होती का? ग्रंथालय वाचलं हे खरं. पण काही दिवस का होईना, गावाला फसवलं हेही खरं. माझ्या मनाला विचाराल, तर मला हार्टबाईंची रीत जास्त आवडते. ग्रंथालय ही खरी माहिती मिळण्याची जागा. तिथली जाहिरात खोटी असून कसं चालेल? पण तुमचं मत वेगळं असू शकतं. आज जेवताना घरात हा विषय काढा, आणि बघा कसा वाद रंगतो ते!

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी तुम्हीही जाहिरात करू शकता, बरं का. बाईंची किंवा सरांची परवानगी घ्या, घरच्यांचा फोन मागून घ्या आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बनवा. या गोष्टी लक्षात ठेवा:

एका व्हिडिओत एकच पुस्तक. दहा पुस्तकं सांगायला गेलात तर एकही लक्षात राहत नाही.

“नमस्कार, माझं नाव अमुक” इथून सुरुवात करू नका. पुस्तकातला पेच आधी सांगा. पण शेवट मात्र सांगायचा नाही हं!

खिडकी तुमच्या पाठीमागे नको, समोर हवी. नाहीतर तोंड काळं आणि खिडकी पांढरी दिसते.

पंखा बंद करा आणि फोन जवळ ठेवा. चित्र थोडं हललं तर चालतं, पण आवाज ऐकू आला नाही तर सगळंच फुकट.

ज्यांचे चेहरे दिसणार आहेत, त्यांना आधी विचारा.

फोन नसला तरी अडत नाही. मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत एकच ओळ लिहा. दहा पावलांवरून वाचता आली पाहिजे. तो कागद ग्रंथालयाच्या दाराला नाही, पाण्याच्या नळापाशी लावा. दाराशी आलेला मुलगा तर आत येणारच आहे. आपल्याला हवाय तो न येणारा!

मग आठवड्याभरानं ग्रंथपालांना विचारा, ते पुस्तक किती जणांनी नेलं? एकानं जरी नेलं, तरी रंगनाथनांचं सूत्र तुम्ही खरं करून दाखवलंत. धूळ खाणाऱ्या एका पुस्तकाला त्याचा वाचक भेटला.

चला तर, लागा कामाला! भेटू पुढच्या आठवड्यात.