आधी मेडिकल, मग फी

जयपूरच्या पोस्टिंगमध्ये आमचे एक रिटायर्ड सर भेटत. वैशाली नगरात घरीच पायलटच्या परीक्षेचे विषय शिकवायचे: नॅव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन्स. विद्यार्थी मिळेनात. आपल्याकडे इन्स्ट्रक्टरला एकट्याने उड्डाण शिकवता येत नाही, त्याला डीजीसीए-मान्य संस्थाच लागते. हाती उरतो फळा.

एकदा आमचा एक सातारकडचा हवालदार मुलाला घेऊन आला. कमर्शियल लायसन्सला 200 तास उड्डाण, खर्च लाखांत; गडी जमीन विकायला निघालेला. सरांनी फी घेतलीच नाही. म्हणाले, "आधी क्लास टू मेडिकल करून आण. बारावीला फिजिक्स, गणित होतं ना?" पोरगा रंग ओळखण्यात अडकला. जमीन वाचली. हवालदाराने ही गोष्ट युनिटभर सांगितली, पुढच्या महिन्यात तीन मुलं दारात.

म्हणून माझं स्पष्ट मत: माजी सैनिक इन्स्ट्रक्टरांनी फ्लेक्सवर पैसे घालू नयेत. कॅन्टीनच्या रांगेत उभं राहावं, सैनिकी शाळांत जावं आणि खर्च, मेडिकल, नोकरीची अनिश्चितता पहिल्याच दिवशी बापासमोर मांडावी. चार जण उठून जातील. जाऊ द्या.

सर अजूनही पहिल्या भेटीचे पैसे घेत नाहीत. चहा मात्र स्वतः करतात, तेवढं सोसावं लागतं.