वर्गात नव्हे, सहवासात

अल्पसंख्य समाजाला मुलांच्या हाती वारसा द्यायचा असला की तो आधी वर्ग काढतो. अमेरिकेतल्या ज्यूंनीही रविवारच्या शाळा काढल्या. पण वारसा अंगवळणी पाडण्याचे काम अधिक चांगले केले ते उन्हाळी निवासी शिबिरांनी. १९०२ साली न्यूयॉर्क राज्यात सुरू झालेल्या सरप्राइज लेक कॅम्पचा हेतू साधा होता: शहरातल्या दाटीवाटीच्या वस्तीतल्या गरीब स्थलांतरितांच्या मुलांना मोकळी हवा मिळावी. १९४७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या कॉनोव्हरला पहिले रामाह शिबिर भरले, तेव्हा हिब्रू भाषा आणि धर्माचरण हाच दिनक्रमाचा कणा ठरला.

एरवी या मुलांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि नेमकी त्याच वेळी शाळेची मॅच असते, नाहीतर वर्गमित्राचा वाढदिवस. धर्म पाळायचा तर काहीतरी सोडावे लागते. शिबिरात हा पेच उरत नाही, कारण तिथला आठवडाच शब्बाथभोवती फिरतो. शुक्रवारी दुपारी आंघोळीची झुंबड, अनेक ठिकाणी पांढरे कपडे, मग प्रार्थना आणि जेवण. शनिवारी रात्री वेणीसारखी मेणबत्ती लावून, मसाल्यांचा वास घेत हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप देणारा विधी. शिकवणारे काउन्सेलर अठरा-वीस वर्षांचे, पुष्कळदा त्याच शिबिरात वाढलेले. एका केबिनमध्ये झोपणारी, भांडणारी, पुढच्या वर्षी पुन्हा भेटणारी मुले मित्रांबरोबर त्यांच्या रीतीही आपल्याशा करतात.

धार्मिक घरांतलीच मुले शिबिराला जातात, मग श्रेय शिबिराचे कसे, असा आक्षेप घेतला जातो. २०११ च्या ‘कॅम्प वर्क्स’ अभ्यासाने घरची पार्श्वभूमी हिशेबात धरली. तरीही शिबिराला गेलेले प्रौढ शब्बाथच्या मेणबत्त्या लावण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी, तर महिन्यातून एकदा तरी सिनेगॉगला जाण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. आईवडिलांची ओढ आकड्यांत पुरती मावत नाही, हे खरे. पण हंगेरीतल्या सार्वाशला १९९० पासून भरणारे शिबिर पाहा. साम्यवादी राजवटीत तिथल्या अनेक कुटुंबांतला धर्म दबून गेला होता. मुले शिबिरातून रीती शिकून आली आणि त्यांनीच त्या घरच्यांना शिकवल्या. अशा घरांत श्रेय पार्श्वभूमीला देता येत नाही.

यातून कोंडाळी तयार होतात, हा दुसरा आक्षेप. पण उन्हाळ्याचे काही आठवडे सोडले तर यातली बहुतेक मुले सर्वांमध्ये मिसळूनच राहतात. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. फी हजारो डॉलरांत जाते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या फाउंडेशन फॉर ज्युइश कॅम्पने पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी अनुदान सुरू केले ते म्हणूनच. उत्तर अमेरिकेत मराठी शाळा चालवणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळानेही हा हिशेब मांडून पाहावा. तासांची संख्या वाढवण्याआधी, मुलांना सलग आठ दिवस मराठीतच खेळता-भांडता येईल अशा मुक्कामावर पैसा खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.