निवांत चित्रपटाची गोडी

मारामारीचे, नाचगाण्याचे चित्रपट पाहूच नयेत असे मी म्हणणार नाही. दिवसभर राबलेल्या जिवाला करमणूक हवीच. माझी आवड मात्र वेगळी. पडद्यावरच्या माणसाजवळ घटकाभर बसू देणारा चित्रपट मला भावतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा 'कोर्ट' तसा आहे. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोकशाहीर नारायण कांबळे झाले आहेत नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार. (२०२१ साली कोरोनाने त्यांना आपल्यातून नेले.) शाहिरांचे गाणे ऐकून एका गटार कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. साक्षीला येते त्या कामगाराची पत्नी. नवऱ्याला कसलेही संरक्षक साहित्य मिळत नसे. झुरळे बाहेर आली की आत विषारी वायू नाही असे समजून तो उतरायचा. हे ती रडून-भेकून सांगत नाही, विचारले तेवढेच सांगते. म्हणूनच ते काळजाला भिडते. पुढे वकील तिला गाडीतून सोडतात, पैसे देऊ करतात. ती घेत नाही. काही काम असेल तर द्या, म्हणते.

हिंजवडीच्या कंपन्यांत फरशा पुसणाऱ्या, शौचालये धुणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी ठेकेदाराचा गणवेश घालून वावरतात. त्यांनी हा चित्रपट घरच्यांसोबत पाहावा. संथ आहे, मुले चुळबुळ करतील, करू द्यात.

आमच्या घरी तो लावला तेव्हा थोरल्याने मध्येच विचारले, "आई, तुला कंपनीत नावानं कोण हाक मारतं गं?"

मी आठवू लागले. एक वॉचमन मामा मारतात.