आधी अस्तर!

मराठी मध्यमवर्गीय माणूस दोन गोष्टी कधीही घाईने ठरवत नाही : नातवाचे नाव आणि दिवाणखान्याचा रंग. नावाला निदान बाराव्या दिवसाची मुदत असते. रंगाला तीही नाही. शेड कार्ड पंधरा दिवस घरभर फिरते. ते खिडकीत धरून बघायचे, ट्यूबलाइटखाली धरून बघायचे, सोफ्याला टेकवून बघायचे आणि शेवटी वहिनींच्या माहेरचा सल्ला घ्यायचा. 'हस्तिदंती' आणि 'मलई' यांत नेमका फरक काय, यावरून नवराबायकोत अबोला धरलेली घरे मला माहीत आहेत. पण या पंधरा दिवसांत त्या रंगाच्या खाली काय लावायचे, हा प्रश्न एकाच्याही तोंडून निघत नाही. शेवटी रंगारीच विचारतो, "साहेब, प्रायमर मारायचा ना?" त्यावर साहेब म्हणतात, "नाही मारला तर नाही का चालणार?"

या उत्तराला माझा सक्त विरोध आहे. 'नाही का चालणार' या तीन शब्दांनी आपल्या भिंतींचे जेवढे नुकसान केले, तेवढे चार महिन्यांच्या पावसानेही केले नसेल.

प्रायमरला मी अस्तर म्हणतो, कारण त्याचे काम अस्तराचेच आहे. ब्लाउज शिवायला टाकताना घरातली बाई शिंप्याला किती उलटतपासणी घेते बघा. अस्तर सुतीच ना? पाण्यातून काढलंय ना? नंतर आटणार नाही ना? त्याच घरातला पुरुष चार खोल्यांच्या भिंती रंगवायला काढतो आणि अस्तराचे नाव निघताच पाकीट चाचपतो!

का लावायचे अस्तर? तर कोरडा गिलावा हा जन्माचा तहानलेला. त्याच्यावर थेट रंग लावा, रंगातला चिकटपणा तो गटागटा पिऊन टाकतो. वर उरते ती भुकटी आणि ढगाळ ठिगळे. मग तिसरा हात द्या, चौथा द्या. बरे, भिंतीची तहान भागवायचीच आहे, तर ती स्वस्त प्रायमरने भागवावी की महागड्या रंगाने? पाहुण्याला तहान लागली तर आपण पाणी देतो. बदाम-पिस्त्याच्या मसाला दुधाने कोणी त्याची तहान भागवत नाही.

इथपर्यंत पटले, तरी खरी मेख पुढेच आहे. आमचे एक मेहुणे म्हणतात, "प्रायमर तो प्रायमर. पांढरा असला की झालं." पांढरे तर दहीही असते! ज्या भिंतीला जे सोसते तेच तिला द्यावे लागते आणि त्यासाठी आधी भिंतीची नाडी बघावी लागते. वैद्याने नाडी न बघता पुडी बांधली तर आपण त्याला भोंदू म्हणू. मग भिंत न बघता डबा फोडणाऱ्याला काय म्हणावे?

नवीन सिमेंटचा गिलावा घ्या. तो दिसतो साधा, पण अंगात मुरलेला क्षार असतो. त्याचा सामू १२ ते १३ च्या घरात. त्याच्यावर घाईने तेलातला रंग लावला तर गिलाव्यातला क्षार आणि रंगातले तेल मिळून चक्क साबण होतो. ही उपमा नव्हे, शाळेतले रसायनशास्त्र आहे. साबण असाच करतात. फक्त तो भिंतीवर करायची पद्धत नाही. म्हणून अशी भिंत निदान २८ दिवस, पावसाळ्यात त्याहून जास्त, वाळू द्यावी आणि मग क्षार सोसणारा, पाण्यात पातळ होणारा सिमेंट प्रायमर लावावा. पण गृहप्रवेशाचा मुहूर्त पुढच्या गुरुवारी असतो. गुरुजी तारीख काढताना गिलाव्याची पत्रिका बघत नाहीत.

जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीवरून तळहात फिरवा. हात पिठाच्या डब्यात घातल्यासारखा पांढरा झाला, तर त्या पिठावर कितीही भारी रंग लावा, तो पिठालाच चिकटणार, भिंतीला नाही. आणि एके दिवशी पिठासकट पोपडा होऊन खाली येणार. अशी भिंत आधी खरवडायची, धुवायची, वाळवायची. मग तिला टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा प्रायमर हवा, कारण तो आत मुरतो आणि उरलीसुरली भुकटी बांधून ठेवतो. वास येतो, कबूल. खिडक्या उघड्या ठेवा. छतावरचे जुन्या गळतीचे चहाच्या रंगाचे डागही याच प्रायमरला भितात. पाण्यातल्या प्रायमरमधून ते विरघळून पुन्हा वर येतात.

उलट तेलरंगाची गुळगुळीत भिंत. तिच्यावर पाणी शिंपडले तर अळवाच्या पानावरून ओघळावे तसे ओघळते. तिला पॉलिश पेपरने घासून खरबरीत केल्याशिवाय कुठलाही प्रायमर धरत नाही.

आणि ओल? ओलीला प्रायमर नाहीच! भिंतीला लोणा लागलेला असताना वर प्रायमर फासणे म्हणजे ताप उतरवायला कपाळावर पावडर लावणे. प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करा, रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसले, तर रंगाऱ्याला परत पाठवा आणि प्लंबरला बोलवा. वरच्या मजल्यावरच्यांशी भांडण अटळ आहे. ते आधी उरका. प्रायमर भांडण मिटवत नाही, फक्त एक पावसाळा लांबवतो.

आता एक हसण्यावारी न नेण्यासारखी गोष्ट. शेंदूर म्हणजे शिशाचाच प्रकार आणि लोखंडाचे गज गंजू नयेत म्हणून त्यांना जो लाल हात देत, त्यात पूर्वी तोच असे. जुन्या तेलरंगांतही शिसे असे. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसे दहा लाखांत ९० भागांहून जास्त नको, हा नियम झाला २०१६ साली. म्हणजे त्याआधीचे पोपडे तुमच्या खिडकीवर, दारावर अजून असू शकतात. ते कोरडे घासू नका. पाणी मारून घासा, पोरांना त्या दिवशी आजोळी धाडा, आणि ती धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या. रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात काय जाते, हे शेड कार्डावर लिहिलेले नसते.

एवढे सांगितल्यावर लोक म्हणतात, "सगळे रंगारी चोर हो!" मला हे मान्य नाही. आपण त्याला चौरस फुटाच्या दरात पिळतो. पिळलेला माणूस जिथे दिसत नाही तिथे पाणी घालतो. त्याला दिवाळीपूर्वी आटपायला आपणच सांगतो आणि दिवाळीनंतर शिव्याही आपणच देतो. खरा दोष आहे तो आपल्या डोळ्यांचा. दिसते त्याला पैसे मोजायचे, दिसत नाही त्याला 'नाही का चालणार'. टीव्हीवरच्या जाहिरातीत अख्खे कुटुंब रंगवलेल्या भिंतीसमोर नाचते. प्रायमरसमोर कोणी नाचल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

तेव्हा शेड कार्ड जरा बाजूला ठेवा. भिंतीवरून हात फिरवा, पाणी शिंपडा, प्लॅस्टिक चिकटवा, डब्यावरचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचा आणि डबा आपल्यासमोर फोडायला सांगा. मग 'हस्तिदंती' की 'मलई' यावर खुशाल भांडा. चांगली पाच वर्षे भांडता येईल. तोवर रंग भिंतीवरच असेल.