परत आलेल्यांची नोंद

युद्धात पडलेल्याचे नाव दगडावर कोरले जाते. परत आलेल्याचे नाव पेटीत राहते. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. पण दुसऱ्या महायुद्धातील हिंदी सैन्य २५ लाखांच्या घरात होते आणि त्यांतील बहुतेक जण घरी परतले. महार रेजिमेंटची पहिली पलटण १९४१ साली बेळगावला उभी राहिली, दुसरी आपल्या विदर्भात, कामठीला. त्या जवानांची मुले आज म्हातारी झाली. "बाबा लढाईत होते," यापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही.

शोध नुसत्या नावाने लागत नाही. सैनिक क्रमांक आणि पलटण ठाऊक असावी लागते. ही माहिती डिस्चार्ज बुकात असते. क्रमांक पुष्कळदा पदकाच्या कडेवरही कोरलेला असतो. बुक वाळवी खाते, पदक मोडीत जाते. मग सागरच्या वा बेळगावच्या अभिलेख कार्यालयाला लिहायचे तरी काय?

परतून ज्याने नांगर धरला, खाणीत पाटी उचलली, त्याची लढाई लहान नव्हती. घुग्घुस परिसरात घरोघर जाऊन हे क्रमांक उतरवून घेण्याचे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराने हाती घ्यावे. इतिहास केवळ परीक्षेपुरता नसेल, तर हे काम आपलेच आहे.