मुलाखतीत जुन्या प्रोजेक्टबद्दल किती बोलायचं? कल्याणच्या कारखान्यातला 'तो' खटला काय सांगतो?

"तुमच्या आधीच्या प्रोजेक्टबद्दल जरा सांगा." नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न येतोच. ऐकायला सोपा, पण उत्तर देताना भलेभले अडखळतात. कमी सांगितलं तर समोरच्याला वाटतं, यानं काम केलेलंच नाही. जास्त सांगितलं तर जुन्या कंपनीचं गुपित फुटण्याची भीती.

सध्या हा प्रश्न अनेकांसाठी जास्तच गंभीर झालाय. जुलै 2025 मध्ये टीसीएसने जगभरातले सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या पदांवरचे लोक जास्त असतील, असंही कंपनीने सांगितलं. म्हणजे दहा-पंधरा वर्षं मुलाखत न दिलेली माणसंही पुन्हा त्या खुर्चीत बसतायत. त्यांच्याकडे दाखवायला अनुभव भरपूर आहे, पण त्यातला बराचसा करारानं बांधलेला आहे.

कंपन्या एवढं खोदून का विचारतात?

कारण कागदपत्रांवरून सगळं कळत नाही. तुम्ही कुठल्या कंपनीत, कधीपासून कधीपर्यंत होतात, हे पीएफच्या नोंदींवरून तपासता येतं. पण तिथे नेमकं काय केलं, हे पीएफ सांगत नाही. रिझ्युमेवर तर दहा जणांच्या टीममधले दहाही जण "प्रोजेक्ट यशस्वी केला" असंच लिहितात.

म्हणून मुलाखत घेणारा विचारतो की हाच मार्ग का निवडला? काय फसलं? पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल? ज्याने काम केलंय, त्याला अडचणी आठवतात. ज्याने फक्त ऐकलंय, तो "आम्ही केलं, आम्ही केलं" यातच फिरत राहतो.

मग अडचण कुठे आहे?

नोकरीत रुजू होताना आपण जो करार सही करतो, त्यात गोपनीयतेचं कलम असतं. बहुतेक जण ते न वाचताच सही करतात. हे कलम सहसा नोकरी सुटल्यावरही लागू राहतं. राजीनामा दिला असो की कंपनीने काढलं असो.

कायदा कोणाच्या बाजूने आहे?

दोघांच्याही, थोडा थोडा.

भारतीय करार कायदा 1872 चं कलम 27 सांगतं की एखाद्याला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरतो. त्यामुळे "नोकरी सोडल्यावर आमच्या स्पर्धक कंपनीत जायचं नाही" ही अट आपल्याकडे सहसा टिकत नाही.

पण गुपिताचं तसं नाही. इथे कल्याणचा एक जुना खटला महत्त्वाचा ठरतो. सेंच्युरी कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात टायरसाठी लागणारा धागा बनायचा. त्याचं तंत्र परदेशी कंपनीकडून, ते गुप्त ठेवण्याच्या अटीवर घेतलेलं होतं. निरंजन गोळीकरी हे तिथे 5 वर्षांच्या करारावर शिफ्ट सुपरवायझर होते. करार संपण्याआधीच ते कोटा इथल्या दुसऱ्या रेयॉन कंपनीत गेले. प्रकरण सुप्रीम कोर्टात पोहोचलं. 1967 मध्ये कोर्टाने कराराची मुदत संपेपर्यंत त्यांच्यावर घातलेली बंदी कायम ठेवली.

या आणि नंतरच्या निकालांमधून एक फरक पुढे आला. नोकरीत कमावलेलं कौशल्य तुमचं, ते कुठेही घेऊन जा. कंपनीचं गुपित मात्र कंपनीचं. ही रेषा नेमकी कुठे आहे, हे सांगणारा वेगळा कायदा भारतात नाही. 22 व्या विधी आयोगाने मार्च 2024 मध्ये व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायद्याची शिफारस केली.

मुलाखतीत काय सांगता येतं?

▪️ क्लायंटचं नाव गुप्त असेल तर "एक मोठी खासगी बँक" एवढं पुरतं.

▪️ अडचण काय होती, तुम्ही कोणता निर्णय घेतला आणि त्यातून काय शिकलात, यावर भर द्या. आकडे कंपनीने स्वतः जाहीर केलेले असतील तरच सांगा.

▪️ टीमचं काम आणि स्वतःचं काम वेगळं सांगा. "आम्ही" कुठे संपतं आणि "मी" कुठे सुरू होतो, हेच समोरच्याला ऐकायचं असतं.

▪️ जुन्या कंपनीचा कोड, स्क्रीनशॉट किंवा ग्राहकांची यादी लॅपटॉप उघडून दाखवू नका. यात ग्राहकांच्या खासगी माहितीचाही प्रश्न येतो.

▪️ फारच खोलात विचारलं तर "करारामुळे एवढं सांगता येणार नाही, पण असाच दुसरा प्रश्न कसा सोडवेन ते सांगतो" असं म्हणता येतं.

जबाबदारी फक्त उमेदवाराची?

नाही. स्पर्धक कंपनीत काय चाललंय, हे मुलाखतीच्या निमित्ताने काढून घेण्याचा मोह कंपन्यांनाही होतो. नोकरी गेलेला, घराचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस अशा वेळी "नाही" म्हणायला कचरतो. नंतर वाद झाला तर करारावर सही मात्र त्याचीच असते. उमेदवाराची पारख करायची असेल तर कंपनी काल्पनिक प्रश्न देऊनही ती करू शकते.

आणि एक साधी गोष्ट. आज जो जुन्या कंपनीचं गुपित सांगतोय, तो उद्या आपलंही सांगेल, हे समोर बसलेल्या मॅनेजरलाही कळतं. त्यामुळे योग्य ठिकाणी थांबणं हाही मुलाखतीत दिसणारा एक गुणच आहे.