उंचीवरची फिर्याद

लेहला विमानाने उतरल्यावर त्याच रात्री एका डोळ्यामागे असह्य कळ उठली, एवढ्या दाखल्यावरून त्या कळीचा गुन्हा उंचीच्या नावावर चढवणारे लोक एका बाजूला, आणि उंचीचा दोष सिद्ध करणारा भरभक्कम प्रयोग वैद्यकाच्या दप्तरी दाखल नाही, एवढ्या सबबीवर ती फिर्याद ऐकून न घेताच बरखास्त करणारे लोक दुसऱ्या बाजूला, अशी एक तकरार क्लस्टर डोकेदुखीच्या बाबतीत चालत आली आहे. पहिल्या पक्षात बहुधा रोगी असतात आणि दुसऱ्यात बहुधा डॉक्टर. माझ्या समजुतीप्रमाणे मात्र दोघेही एकच चूक दोन टोकांनी करतात. ती चूक सांगण्यापूर्वी मूळ व्याधीची ओळख करून देणे भाग आहे, कारण डोके एका बाजूने दुखले की त्याला अर्धशिशी म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ही व्याधी अर्धशिशी नव्हे.

क्लस्टर डोकेदुखी हजारात सुमारे एखाद्याला जडते, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आढळते. कळ एकाच बाजूला, डोळ्याच्या मागे, भुवईवर किंवा कानशिलात उठते, पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकते, आणि दिवसाआड एकदा येण्यापासून दिवसातून आठ वेळा येण्यापर्यंत तिची मजल जाते. त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी गाळतो, नाकपुडी चोंदते, पापणी ओघळते. अर्धशिशीचा रोगी अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहू पाहतो. हा रोगी येरझारा घालतो, बसतो, उठतो, आणि क्वचित भिंतीवर कपाळही आपटून घेतो. घड्याळ लावून ठेवावे तशी ही कळ रोज रात्री ठराविक सुमारास झोपेतून उठवते, असे काही आठवडे किंवा महिने चालते, आणि मग एखादे वर्ष, दोन वर्षे कसलाही मागमूस न ठेवता ती नाहीशी होते. दहांतल्या एखाद्‌दुसऱ्या अभाग्याला तेवढी सुटीही मिळत नाही. या झुबक्याझुबक्यांनी येण्यावरूनच तिला आजचे नाव पडले. त्याआधी लंडनच्या विल्फ्रेड हॅरिस यांनी १९२६ मध्ये आणि अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टन यांनी १९३९ मध्ये आपापल्या परीने तिचे वर्णन केलेले होते. फेऱ्यांचा, म्हणजे कळीच्या झटक्यांचा, हंगाम आणि मधली सुटी हा जो भेद येथे सांगितला, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढचा सारा निवाडा त्याच्यावरच अवलंबून आहे.

आता फिर्यादी पक्षाची कैफियत ऐकू, आणि ती मी शक्य तितक्या जोराने मांडतो, कारण दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याला लोळवण्यात काही पुरुषार्थ नाही. या पक्षाचा पहिला पुरावा असा की शुद्ध प्राणवायू मुखवट्यातून हुंगला तर ही कळ उतरते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील प्रयोगात मिनिटाला बारा लिटर या वेगाने पंधरा मिनिटे प्राणवायू दिला, तेव्हा ७८ टक्के फेऱ्यांत गुण आला, आणि साधी हवा दिली तेव्हा अवघ्या २० टक्क्यांत. दुसरा पुरावा कॅलिफोर्नियातील ली कुड्रो यांच्या तर्काचा. मानेत जेथे धमनीला दोन फाटे फुटतात तेथे तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव रक्तातील प्राणवायूवर पहारा करीत बसलेला असतो. या पहारेकऱ्याची जाण हंगामात बिघडत असावी, असे त्यांनी १९८३ मध्ये सुचवले, आणि १९९० मध्ये रक्तातील प्राणवायूची घसरण व फेऱ्याची सुरुवात यांचा संबंध दाखवणारी निरीक्षणेही मांडली. यावर फिर्यादी म्हणतो: प्रवासी विमानाच्या आतली हवा सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होऊ दिलेली असते, आणि लेह तर ३,५०० मीटरांवर, जेथे प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या मानाने दोनतृतीयांशच प्राणवायू मिळतो, मग प्राणवायूने उतरणारी कळ प्राणवायूच्या तुटवड्याने चढते, यात नवल ते काय? हवी तर इतिहासाचीही साक्ष काढता येते. चीनच्या हान राजवटीच्या इतिहासात पश्चिमेकडच्या वाटेवरील ‘मोठा डोकेदुखीचा डोंगर’ आणि ‘लहान डोकेदुखीचा डोंगर’ यांची नोंद आहे, आणि तेथे माणसांबरोबर गाढवांचीही तीच गत होते, असे तो इतिहासकार मोठ्या गांभीर्याने नमूद करतो.

कैफियत जोरकस आहे. परंतु तिचा मुख्य खांबच पोकळ आहे. अमुक औषधाने गुण आला म्हणून त्या औषधाचा अभाव हेच रोगाचे कारण, हा न्याय मान्य केला तर ज्वर हा पॅरासिटामॉलच्या उणिवेने येतो असे मानावे लागेल. समुद्रकाठी, मुंबईत, दादरच्या घरात हा रोगी रात्री दोन वाजता उठतो, तेव्हा खिडकीतून येणाऱ्या हवेत प्राणवायूची कमतरता नसते. आणि तरीही त्याला मुखवट्यातल्या प्राणवायूने उतार पडतो. म्हणजे येथे प्राणवायू भरपाई म्हणून काम करीत नसून औषध म्हणून काम करतो. याहून बोलका दाखला स्वीडनमध्ये २००२ साली मिळाला: हवेच्या दाबाहून अधिक दाबाच्या कोठीत बसवून प्राणवायू दिला, तरी लटक्या उपचारापेक्षा हंगाम काही अधिक शमला नाही. विरळ हवा हाच जर रोगाचा पाया असता, तर दाट हवेने तो पाया थोडा तरी खचायला हवा होता.

फिर्यादीतील दुसरा गोंधळ दाब आणि प्राणवायू यांचा आहे. उंचीवर या दोन्ही गोष्टी एकदम उतरतात म्हणून लोक त्यांना एकच समजतात, आणि ‘दाबाने डोके दुखते’ असे म्हणताना नेमके काय म्हणायचे आहे याची खातरजमा करीत नाहीत. वास्तविक हा तंटा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ च्या आपल्या प्रचंड ग्रंथात कायमचा मिटवला आहे: दाब उतरवलेल्या कोठीत बसूनही माणसाला जादा प्राणवायू पुरवला तर उंचीचे विकार हटतात, तेव्हा दोष दाबाच्या यांत्रिक ओढीचा नसून प्राणवायूच्या आंशिक दाबाचा होय. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे कित्येक तक्रारी आपोआप निकालात निघतात. मुंबईहून येताना खंडाळ्याचा घाट चढला की डोळ्यामागची कळ जागी होते, असे शपथेवर सांगणारे लोक भेटतात. त्यांच्या सचोटीविषयी मला शंका नाही, त्यांच्या अनुमानाविषयी आहे. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला असे काही धरून ठेवते की हवेतील प्राणवायू बराच उतरला तरी रक्ताचा भरणा जवळजवळ पूर्ण राहतो, आणि तो खऱ्या अर्थाने घसरू लागतो अडीच-तीन हजार मीटरांच्या पुढे. खंडाळा सहाशे मीटरांच्या आतबाहेर. महाबळेश्वर चौदाशेच्या आत. राज्यातले सर्वांत उंच कळसूबाईचे शिखर घेतले तरी ते १,६४६ मीटर. आमचा सह्याद्री पाय दुखवतो, दम काढतो. रक्तातला प्राणवायू काढून घेण्याइतका तो उंच नाही. घाटात जी कळ उठते तिच्यासाठी दुसरा आरोपी शोधावा लागेल, आणि भल्या पहाटे चारला उठून गाडी पकडण्यासाठी मोडलेली झोप हा त्या यादीतला पहिला इसम आहे.

याच गर्दीत दोन परक्या डोकेदुख्याही क्लस्टरच्या नावावर खपतात. पहिली डोंगरावरची साधी डोकेदुखी: ती अडीच हजार मीटरांच्या वर जाऊन, बहुधा दोन्ही बाजूंनी येते, चालल्याने वाढते, आणि खाली उतरल्यावर दिवसभरात निवळते. केदारनाथच्या वाटेवर ज्यांचे डोके धरते त्यांतील बहुतेक या वर्गातले. दुसरी विमानातली: ही एका बाजूला, डोळ्याभोवती येते म्हणून क्लस्टरशी तिचा घोटाळा होतो, परंतु ती बहुधा विमान उतरताना येते आणि अर्ध्या तासात संपते. उतरताना विमानाच्या आतला प्राणवायू वाढत असतो, घटत नसतो. तेव्हा ती कळ प्राणवायूची नव्हे, कपाळाच्या व नाकाभोवतीच्या पोकळ्यांवर येणाऱ्या ताणाची असावी. हीच गोष्ट उलटी धरली की एक उपयुक्त कसोटी हाती येते. प्राणवायूच्या तुटवड्याने कळ येत असेल तर ती विमान उंचावर बराच वेळ स्थिर असताना यावी. उतरतानाची कळ या खटल्यात साक्षीदार म्हणून उभी करता येणार नाही.

राहता राहिला योगायोग. आपले नैयायिक ज्याला काकतालीय न्याय म्हणत, कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ, तो या व्याधीत फार सहज घडतो, कारण कावळा आणि फळ दोघांचेही पंचांग एकच आहे. क्लस्टरचे हंगाम वर्षातल्या ठराविक काळी फिरून येतात, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसानंतर, म्हणजे जूनच्या व डिसेंबरच्या अखेरीनंतर, ते अधिक सुरू होतात असे कुड्रो यांनीच १९८७ मध्ये नोंदवले. आता लडाखला जाणाऱ्या आपल्या पर्यटकांचा मोसम कोणता? जून ते सप्टेंबर. ज्याचा हंगाम पुण्यातही जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उघडणार होता, त्याचा तो लेहच्या हॉटेलात उघडला, आणि त्याने उंचीला आरोपी केले. शिवाय प्रवासात झोपेची वेळ सरकते आणि संध्याकाळी ‘थंडी घालवण्यासाठी’ एखादा पेला पोटात जातो. हंगामातील रोग्याला मद्य तासाभरात फेऱ्यात लोटते, हे आज कोणीच नाकबूल करीत नाही. तरी दोष मात्र उंचीला!

एवढे खंडन ऐकून दुसरा पक्ष समाधानाने मान डोलावील. त्याचे समाधान मला फार वेळ टिकू द्यायचे नाही. त्याचा आवडता प्रतिवाद असा: हाच गृहस्थ मागच्या वर्षी लेहला गेला, तेव्हा त्याला काही झाले नाही; कारण असते तर कार्य झालेच असते; तेव्हा उंची निर्दोष. अन्वय आणि व्यतिरेक यांची ही मांडणी वरवर निर्दोष दिसते, पण मघाशी ध्यानात ठेवा म्हटलेला हंगामाचा भेद तिच्यातून गळालेला आहे. मद्याचेच उदाहरण घ्या: सुटीच्या काळात हाच माणूस पेल्यावर पेले रिचवतो आणि डोळा साधा लालही होत नाही, हंगामात अर्ध्या पेल्याने आभाळ कोसळते. जिभेखालील नायट्रोग्लिसरीनचेही तेच: हंगामातील रोग्याला ते पाऊण तासाच्या आतबाहेर फेरा आणते, सुटीतल्याला आणीत नाही, आणि या गोळीची ही खोड तर संशोधकांनी स्वतःच्या प्रयोगांत हत्यारासारखी वापरली आहे. अशाच आणवलेल्या फेऱ्यांत मेंदूचे चित्रण करून लंडनमध्ये १९९८ साली हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या ज्या भागातून शरीराच्या दिनमानाचा कारभार चालतो तेथे, हालचाल आढळली. म्हणजे दार आतून उघडते. बाहेरचा कोणी फक्त कडी वाजवतो. ज्या दिवशी आत कोणी जागे नसते त्या दिवशी कडी वाजवूनही दार उघडत नाही, यावरून कडी वाजवणारा आलाच नव्हता असे ठरत नाही.

आमच्या जुन्या वैद्यांना हा भेद चांगला ठाऊक होता, हे मी अभिमानापोटी नव्हे तर सोयीपोटी सांगतो, कारण आज ज्याला आपण ‘ट्रिगर’ म्हणतो त्याला नेमका शब्द त्यांच्यापाशी तयार आहे. माधवनिदानावरील मधुकोश टीकेत हेतूचे उत्पादक आणि व्यंजक असे दोन प्रकार केले आहेत: हेमंतातील मधुर रस कफ साठवतो, तो उत्पादक, वसंतातील ऊन तो साठलेला कफ पातळ करून बाहेर दाखवते, ते व्यंजक. ऊन कफ निर्माण करीत नाही. साठा नसेल तर कितीही तापले तरी काही दाखवू शकत नाही. दोन्ही पक्षांची सामाईक चूक म्हणून मी जी म्हणतो ती हीच, की दोघांनीही उंचीचा विचार उत्पादक हेतू म्हणून केला, एकाने तो मान्य करण्यासाठी आणि दुसऱ्याने तो फेटाळण्यासाठी. उंचीवर आरोप ठेवायचाच तर तो व्यंजकाचा ठेवावा लागेल, आणि त्यालाही तीन अटी आहेत: रोगी हंगामात असावा, उंची रक्तातील प्राणवायू खरोखर उतरवण्याइतकी असावी, आणि फेरा त्या उतारानंतर यावा, आधी किंवा चढणीच्या पहिल्या वळणावर नव्हे. या तिन्ही अटींत बसणाऱ्या रोग्याचे म्हणणे मी खरे मानायला तयार आहे, आणि डॉक्टरांनीही ‘तुमचा भ्रम आहे’ हे वाक्य त्याच्यासाठी वापरू नये.

व्यवहारात याचा अर्थ असा की ज्याचा हंगाम चालू आहे त्याने लडाखची सहल पुढे ढकलावी, आणि ज्याचा हंगाम संपून महिने लोटले त्याने केवळ व्याधीच्या नावाला भिऊन हिमालय आयुष्यातून काढून टाकू नये. विमानप्रवास टळत नसेल तर औषधाची तजवीज आधी डॉक्टरांशी बोलून करावी. प्राणवायूचा स्वतःचा सिलिंडर बहुतेक विमान कंपन्या आत येऊ देत नाहीत, ही गोष्ट विमानतळाच्या तपासणीच्या रांगेत कळून उपयोग नसतो.

आणि दोन्ही पक्षांना निवाडा हवाच असेल तर तो करण्यासाठी लेहलाही जाण्याची गरज नाही. समुद्रसपाटीवरच्या एखाद्या इस्पितळात, हंगामातल्या रोग्याला त्याच्या नेहमीच्या वेळी दोन रात्री एकाच खाटेवर निजवावे. एका रात्री मुखवट्यातून नायट्रोजन मिसळून साडेतीन हजार मीटरांइतकी विरळ केलेली हवा द्यावी, दुसऱ्या रात्री साधी, आणि कोणती रात्र कोणती हे रोग्यालाही ठाऊक नसावे नि टिपणाऱ्यालाही नसावे. बोटाला प्राणवायू मोजणारे यंत्र, उशाला औषध आणि दाराशी डॉक्टर असावा. मग सुटीच्या काळात हेच पुन्हा करावे. हंगामात विरळ हवेच्या रात्री फेरे अधिक आले आणि सुटीत दोन्ही रात्री काहीच आले नाही, तर उंची व्यंजक ठरेल. पण साध्या हवेच्या रात्रीही कळ तितक्याच वेळा उठू लागली, तर उंचीच्या बाजूने आणि विरुद्धही मी येथे जे काही लिहिले आहे त्यातील मंडनाचा भाग मी विनातक्रार मागे घेईन.